गॅलरी आतली

सव्वा महिना उंबरठा ओलांडायचा नाही,
सोनकुसरे काकूंनी बजावलं.
पण गॅलरी बाहेर धरायची की आत,
हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.
साडेचार फूट बाय अडीच,
अर्ध्यात कूलर, उरलेल्यात मी आणि अकरा कुंड्या.
निकाल मीच देऊन टाकला.

दवाखान्यातून आले त्या संध्याकाळी
टाके सांभाळत, भिंत धरत
लाडवांतून उरलेली मूठभर मेथी
आइस्क्रीमच्या डब्यात पेरली.
चौथ्या दिवशी मेथी वर आली
आणि बाळाचं वजन खाली.
दीडशे ग्रॅम. होतं असं, नर्स म्हणाली.
मी मेथीशी दोन दिवस बोलले नाही.

इथं एप्रिलातच दुपारी अकराला
पाखरंसुद्धा दार लावून घेतात.
बाळाच्या आंघोळीचं पाणी, हरभऱ्याच्या पिठाचं, कोमट,
निवलं की कढीपत्त्याला.
कोराडीची राख रात्रभर पानांवर बसते,
हेमराजच्या शर्टाच्या कॉलरवरही तीच.
शर्ट मशीनला, आणि पानं
जुन्या लंगोटाच्या ओल्या टोकानं एकेक करून.
तिच्या गळ्याच्या घडीत साचलेलं दूध पुसते
तेव्हा बोट असंच चालतं माझं.

रात्री तीनला ती पीत असते
आणि माझा एक हात रिकामा असतो.
एका हातानं काय काय होतं?
गुलमोहराची फांदी आपणच कठड्यावर रेलली आहे,
तिची कळी दातांत धरून सोलायची,
आतली लाल-हिरवी नखं
ओठांनीच एकेका बोटावर चिकटवायची.
पाच नखं झाली की मी चेटकीण.
हिला म्हणे वीतभरापलीकडचं दिसत नाही.
मग वीतभर अंतरावर नेऊन नाचवली.
तिनं पाहिलं, जांभई दिली,
आणि परत कामाला लागली.

हंगामातलं शेवटचं संत्रं हेमराजनं सोललं,
साल न तोडता, सुरीच्या टोकानं, जीभ बाहेर काढून.
चार पाय, दोन कान, एक सोंड.
मी म्हटलं, डुक्कर छान झालंय.
"डुक्कर कायले म्हणून राहिली, हत्ती होय तो!"
तीन दिवसांत हत्ती वाळला,
सोंड आत वळली, एक कान गळाला.
नाईट करून आलेला त्याचा बापही
पाळण्याखाली चटईवर
तसाच, गुडघे पोटाशी घेऊन.

कुंड्यांना आइस्क्रीमच्या काड्या लावल्यात, पेननं नावं:
पुदिना. मेथी. गवती चहा. टोमॅटो (बहुतेक).
एक काडी कोरी आहे.
बारशासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर सदतीस नावं आली,
त्यांतली नऊ एकाच आत्याची.
ती काडी मी रिकाम्या कुंडीत खोचून ठेवली,
कुठं हरवायला नको म्हणून.
परवा त्या कुंडीत काहीतरी उगवलं.
मी पेरलेलं नाही.
दोन पानं, जराशी केसाळ.
काकू कठड्यापलीकडून म्हणाल्या, तण आहे, उपट.
म्हटलं, चार पानं येऊ द्या,
चेहरा तर दिसू द्या आधी.
"आणि तू बाहेर काय करून राहिली वं?"
आत आहे काकू, म्हटलं.
खरंच होतं. एक पाय खोलीत होता.

काल तिला खांद्यावर घेऊन पाणी घालत होते.
हात कसा, कधी खाली लोंबला, कळलं नाही.
पुदिन्याची एक काडी तिच्या मुठीत.
सोडवायला गेले तर मूठ आणखी घट्ट,
मुळासकट आली काडी, माती माझ्या गाऊनवर.
झोपली तरी सोडेना.
एवढीशी पाच बोटं, आणि मी हरले.

आज सकाळी पंचफुलाबाई मालिशला बसल्या,
तेल घेऊन तिची मूठ उलगडली,
नाकाशी नेली.
"हिच्या हाताले कायचा वास येऊन राहिला, बाई?"

मी कूलरमध्ये पाणी ओतत होते.
न वळता म्हटलं,
घरातलाच.