पान एक्केचाळीस

मूलच्या बसस्टँडवर, रसवंतीच्या बाकड्यावर बसून
मी शालिक गुरनुलेचं अपील तिसऱ्यांदा वाचलं.
विधी सेवेनं नेमून दिलेलं. फी ठरलेली,
नाडी लाल,
पानं एकशे बारा.

भोक शोधत होतो.
एखादा पंच फितूर, तारखेत खाडाखोड,
जप्तीच्या विळ्याला सील नाही,
डॉक्टरनं लिहिला डावा आणि हात निघाला उजवा.
असं शिंकं तुटलं की आम्हा बोक्यांचं फावतं.

शिंकं शाबूत होतं.
ठाणेदारानं उभ्या नोकरीत एकदाच
इतकं नीट काम केलं असेल,
ते नेमकं माझ्या वाट्याला.

वामन पिपळशेंडे, पिपरटोल्याचा पाणीवाला,
साक्षीला उभा राहिला तेव्हा त्यानं हात वर केला.
शपथेसाठी नव्हे.
उरलेली बोटं साहेबांना दिसावीत म्हणून.
टायपिस्टनं लिहिलं: 'साक्षीदार हात दाखवतो.'

एक्केचाळीसवर मात्र अडलो.
उलटतपासात वामन म्हणतो,
'हे म्हणणे खरे आहे की मी माळीपुऱ्याचा व्हॉल्व्ह
अकरा दिवस उघडला नाही.'
अकरा दिवस. एप्रिल.
इथून शिरता येईल, वाटलं.
पण बेचाळीसवर शालिक घरी जातो,
भात खातो,
दगडावर विळ्याला धार लावतो,
शेजारणीला तिच्या पोरीच्या तापाचं विचारतो
आणि मग टाकीकडे निघतो.
दोन तास.
रागाला कायदा इतका वेळ देत नाही.
अपील तिथंच मेलं, जेवणाच्या ताटावर.

चंद्रपूरच्या तुरुंगात जाळीअलीकडून
मी त्याला सांगितलं, मुद्दा नाही.
मी बाजूला होतोय, कोर्टाला तसं लिहून देतो,
कोर्टाला वाटलं तर दुसरा वकील देईल.
त्यानं जाळीला नाक लावलं.
"सारं वाचलं काय, वकीलसाहेब?"
तीनदा.
"अकरा दिवसाचं बी?"
हो.
"मंग ठीक हाय. खालच्या कोर्टात
त्याच्यावर कोनी बोललंच नाई."
जरा थांबून,
"जेवलो नसतो तं?"

मी पिशवीची चेन लावत राहिलो.
उत्तर येत होतं मला.

अर्ज चार ओळींचा झाला.
'मांडण्याजोगा आधार नाही' असं लिहिलं,
मग 'नाही' खोडून
'मला आढळला नाही' केलं.
साहेबांनी वाचलं, पंख्याकडे पाहिलं, सही केली.

परतताना पिपरटोल्याच्या फाट्यावर बस पंक्चर.
टाकीखाली वामन पाना फिरवत होता,
तीन बोटांनी आणि तळव्याच्या टाचेनं.
ओळखलं त्यानं.
"तारीख कव्हाची?"
माझी नाही आता, म्हटलं.
त्यानं मान हलवली, आणखी अर्धा आटा दिला.
माळीपुऱ्याकडचा पाईप फुसफुसला,
आधी हवा, मग गंजाचं पाणी,
मग बायकांच्या भांडणाचा आवाज, गुंडांवर गुंड.

कंडक्टर शिटी मारत होता.
हे कुठल्या पानाला जोडू?