लिहिणावळ

लाडोबा मेस्त्रीला बसवत नव्हतं,
म्हणून फळ्यांच्या चवडीला टेकवून ठेवला होता
मांगरात, अर्ध्या मचव्याच्या सावलीत.
वाक उभे होते, फळ्या चढायच्या होत्या.
वाकांमधून पलीकडची खाडी दिसत होती
आणि भरती.

मी दौत उघडली. तिथी, वार, मुक्काम जैतापूर.
मग नेहमीचं: शरीर नाशवंत, अक्कल कायम,
कोणाच्या भिडेस न पडता.
भीड घालायला चौघे उभेच होते, पण ते असो.

मग 'स्वकष्टार्जित'.
लांब शब्द. एका बुडवणीत पुरा होत नाही,
'कष्टा'पाशी टाक कोरडा पडतो.
वीस वर्षं लिहितोय, दर खेपेला तिथेच.

घर आणि पडवी थोरल्या बाबल्याला.
धाकटा भागोजी तीन वर्षं बेपत्ता,
कोणी म्हणतं मोंबासाला आहे, कोणी म्हणतं नाही.
"तेका एक रुपयो लिही.
इलो तर आणि एक."

वाकस, सामता, दोन पटाशा, गुण्या,
मोठी करवत:
अब्बास सोलकर, वस्ती पलीकडच्या मोहल्ल्यात.
बाबल्या म्हणाला, "बाबा, तो आपल्या घरातलो नाय."
मेस्त्रीला धाप लागली होती. ती सरेपर्यंत सगळे थांबलो.
"करवतीक दोन माणसां लागतत.
सतरा वर्सां दुसऱ्या टोकाक कोण होतो?"
चुकांचा डबाही त्यालाच.
लिहिताना मला हसू आलं, आवरलं.
चुका अशा नावानिशी कोण कोणाला देतो?

आणि हा मचवा?
"तो लिहू नको. बयाणो खाल्लंय तेचो."

राहिली बायको, द्वारका.
तिच्यासाठी माझा मजकूर ठरलेला असतो:
हयातीपर्यंत चुलीलगतची खोली,
परसातले दोन माड,
बावीवर पाणी भरण्याची मुभा,
रहाट मोडल्यास दुरुस्ती थोरल्याने करावी,
कोणी हरकत घेऊ नये.

ती मागे, उंडेलात राळ कढवत होती.
मचव्याच्या सांध्यांत भरायची राळ, ती तिनेच कढवायची,
मापही तिलाच ठाऊक.
पळी न थांबवता म्हणाली,
"बावीची माती कोणाच्या डोक्यार होती,
इचारा तेंका."

कोणी विचारलं नाही.
मेस्त्रीने पाणी मागितलं. तिने आणून दिलं,
त्याच बावीचं.
तो प्याला, थोडं छातीवर सांडलं,
आणि मला म्हणाला,
"मुभा खोड."
"आणि काय लिहू?"
"तिका इचार."

मी तिच्याकडे पाहिलं. ती राळेकडे पाहत होती.
एवढ्या वर्षांत कुठल्याही बाईने
मला शब्द सांगितला नव्हता,
मलाही विचारायचं सुचलं नव्हतं.
"हक्क," ती म्हणाली. "बावीवर, आणि माडांवरसुद्धा.
आणि हयातीपर्यंत म्हणजे कोणाच्या, तां साफ लिहा."

समासात नोंद केली: एक शब्द खोडला, तीन ओळी वाढवल्या.
मेस्त्रीचा अंगठा. त्याच्या अंगठ्यावर रेषा उमटेनात,
वाकसाने आणि राळेने केव्हाच झिजवल्या होत्या;
दोनदा शाई लावली, दोनदा नुसता डाग.
साक्षीदारांनी त्या डागावर सह्या केल्या.

लिहिणावळ आठ आणे.
बाबल्याने अब्बासकडे पाहिलं,
अब्बास मचव्याकडे पाहत होता.
द्वारकाने हात पदराला पुसले, पदराचीच गाठ सोडली.
चार दुवण्या. मोजून.
"पावती करा."
मेस्त्रीच्या नावे ना?
"पैशे माझे," ती म्हणाली.

पावती मी झोकात लिहिली, मृत्युपत्रापेक्षा सुवाच्य.
तिने ती वाचली नाही, वाचता येत नव्हती;
फुंकर घालून वाळवली,
चार घड्या केल्या
आणि तांदळाच्या डब्यात ठेवली,
जो सगळ्या यादीत लिहायचा राहूनच गेला होता.