डावीकडचा निखारा

कोकुरात, कांदाके नदीच्या कडेला,
बाजार मिटल्यावर एक दार उघडं राहतं.
पाटी नाही. आठ खुर्च्या.
चिहो म्हणाली, मामा, इथं कोंबडी वेगळीच भाजतात.
म्हटलं, कोंबडीला आता वेगळं काय व्हायचंय?
मीठ, नाहीतर सॉस.
काडीवर चढलेल्या कोंबडीला दोनच धर्म.

इसोगाई-सान पस्तिशीची असेल.
कपाळावर फडकं, मनगटावर जुन्या भाजल्याचे तीन डाग,
एकाखाली एक, शिपायाच्या फितीसारखे.
स्वागताचे दोन शब्द बोलली, मग नुसता तिचा पंखा बोलत राहिला.

आधी आली मान.
तिच्यावर भुरभुरलेली कॉफी.
कॉफी! मी भाचीकडे पाहिलं,
भाची मुद्दाम छताकडे पाहत होती.
खाल्ली. कडू, मग गोड,
मग बऱ्याच उशिरा, लाजत लाजत, कोंबडी.

मग चार हृदयं एका काडीत,
खाली वाटीभर गोठवलेला संत्र्याचा चुरा.
चार कोंबड्या आयुष्यभर धडधडल्या
आणि माझे झाले दोन घास.
असलं काही मी एरवी मनात आणत नाही.
साकेचा दोष.

तिसरी काडी रिकामी.
खरंच रिकामी, नुसता बांबू, टोकाशी जरा करपलेला.
‘चरबीच्या धुरात धरलीय,’ इसोगाई-सान म्हणाली,
‘आधी वास घ्या.’
शेजारच्या खुर्चीतले दातांचे डॉक्टर डोळे मिटून वास घेत होते,
देवळात असल्यासारखे.
मला हसू आलं. आवरेना.
चिहोनं टेबलाखालून पाय दाबला.
पैसे घेऊन धूर विकते ही बाई!
आणि तरीही मी वास घेतला,
दोनदा.

आता आगीबद्दल.
अडतीस वर्षं मी यावाताच्या भट्टीपुढे उभा होतो.
यंत्र आकडा सांगायच्या आधी
तोकुमारू आणि मी रंग बघून सांगायचो,
कधी पैज लावून, दुपारच्या डब्यावर.
त्यानं माझे डबे फार खाल्ले.
आमचा कोक मुका होता.
हिचा कोळसा वाजतो,
चिमट्यानं टोकला की काच किणकिणावी तसा.
पण डावीकडून तिसरा निखारा खोटं बोलत होता.
वरून पांढरा, शहाणा,
पोटात काळा.

गप्प बसायचं ठरवलं होतं.
पाहुण्यानं चुलीत नाक खुपसू नये.
पण समोर चढली होती ती काडी,
जिच्या टोकाला न घातलेलं अंडं लोंबतं,
नुसता बलक, विझायचा राहिलेला आकाशकंदील.
आणि ती ते बरोबर डावीकडे नेत होती.

‘तिसरा,’ मी म्हणालो. ‘तो पेटलेला नाही.’

डॉक्टरांनी डोळे उघडले.
पंखा थांबला.
इसोगाई-साननं चिमट्यानं निखारा उलटा केला.
खालची बाजू रात्रीसारखी.
माझ्याकडे पाहिलं नाही, आभार मानले नाहीत,
निखारा मागे सारला, उजवीकडचा पुढे ओढला
आणि विचारलं, ‘आता?’

‘थांब.’
अख्खी खोली थांबली.
नदीवर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.
रंग चढला, पिकल्या पर्सिमनचा,
मग त्याच्याही पलीकडचा, ज्याला आमच्यात नाव नव्हतं,
तोकुमारू नुसतं ‘हं’ म्हणायचा.

‘हं,’ मी म्हणालो.

बलक तोंडात फुटला.
त्याबद्दल मला काही सांगता येणार नाही.

नंतर अजून सहा काड्या आल्या.
एक कूर्चेची, आंबट प्लमच्या पाल्यात गुंडाळलेली,
वाईट होती.
तसं मी तिला सांगितलंही.
‘उद्या बदलते,’ ती म्हणाली,
आणि बिलात ती धरली नाही.
धुराची मात्र धरली.

मोनोरेलमध्ये चिहो खांद्यावर झोपली.
माझ्या मांडीला काहीतरी टोचत होतं.
खिशात हात घातला:
ती रिकामी काडी.
कधी उचलली, आठवत नाही.
समोरची शाळकरी मुलगी बघत होती,
म्हणून वास घेतला नाही.
ती तांगामध्ये उतरेल असं वाटलं होतं,
उतरली नाही.