तिसरं घर

शाल्मलीनं तीन घरं पाठवलीत, यॉर्कशायरमधली.
बघून सांगा, म्हणते.
आम्ही नव्या पेठेत, जेवणाच्या टेबलावर,
नकाशाचं टोक लोणच्याच्या बरणीखाली दाबून.

पहिलं म्हणजे आपलं कोथरूड, हे म्हणतात,
चढ, शाळा, आणि शेजारी आपल्यासारखेच जपून बोलणारे.
दुसरं स्वस्त.
का स्वस्त, ते विचार तिला. आणि पाणी किती वाजता येतं?
अहो, तिकडे दिवसभर येतं.

तिसऱ्याच्या खिडकीत नदी आहे.
हे चष्मा काढून ठेवतात.

एकसष्टच्या जुलैत हे सात वर्षांचे,
शेजाऱ्यांच्या माळ्यावर पालथे पडून
खाली बघत होते:
आईचं नाव घातलेलं पातेलं
दारातून निघालं
आणि कुठंही न आपटता
संगमाकडे गेलं.

नदीकाठ नको, एवढंच लिही.
मी लिहिते. मग आपली सहज विचारते,
नाव काय गं नदीचं?
ऊझ.
मराठीत लिहिताना दोनदा खोडावं लागलं.

गुरुवारी तिचा निरोप आला:
विसार दिला. तिसऱ्याचा.

हे बराच वेळ बरणीचं झाकण
उघडत, लावत बसले.
मग म्हणाले,
तिला विचार, माळा आहे का.