फळीमागची उंची

मोनफाल्कोनेच्या गोदीत बोट उभी राहत होती,
तेव्हा मी सतरा वर्षांचा, हातात रंधा.
एजिदियोने तिच्या नाकाडावर नाव वेल्ड केलं,
एकेक अक्षर बोटभर उठलेलं: एउफेमिया.
"रंग उडेल, हे नाही," म्हणाला.
मग तिचा सुतार म्हणून मीही तिच्यासोबत निघालो.

पहिल्या फेरीत नऊशे माणसं, मेलबर्नला.
कुणाकडे ओल्या फडक्यात द्राक्षवेलीची काडी,
कुणाकडे शिवणयंत्राचं नुसतं चाक,
बाकीचं यंत्र भावाने ठेवून घेतलेलं.
सुएझपर्यंत रडारड,
एडनला पत्त्यांवरून पहिली मारामारी,
पुढे नुसतं पाणी.

पाळणाघरात ओनोरिना पोरांना भिंतीशी उभं करायची.
डोक्यावर पुस्तक, पेन्सिलीची रेघ, नाव, साल.
"एकतीस दिवसांत कुठे वाढतात पोरं?"
"नाही वाढत. पण आयांना बरं वाटतं,
काहीतरी मोजलं जातंय."

रोमिल्दा, पंचावन्न: माझ्या कमरेला.
रोमिल्दा, एकसष्ट, उलट्या वाटेवर, एकटीच: खांद्याला.
मधे दोन विती कोरा रंग.
तिने काही सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

मग विमानं आली.
बारा बंदरांचं पाणी प्यालेली ती
माहेरी परतली, आणि आम्हीच तिचं पोट फाडलं.
तिसरा वर्ग उपसून पोहण्याचा तलाव बसवला.
नवं नाव, सनी डचेस, जुन्यावरच रंगवलं;
तिरप्या उन्हात दोन्ही वाचता यायची.
आता ती कुणाला कुठेच नेत नव्हती.
शनिवारी मायामीहून निघायची,
शनिवारी मायामीला.

पाळणाघराचा जुगारखाना झाला.
"भिंत घासून घे," फोरमन म्हणाला.
मी घासली नाही.
वर प्लायवूड ठोकलं, त्यावर लाल मखमल,
आणि खिळे जरा कमीच मारले.

आलिआगाच्या किनाऱ्यावर तिला तोडायला काढली,
तेव्हा इझमीरहून बसने गेलो. पंच्याहत्तरीत.
कापणाऱ्या सेझाईने आधी हात हलवून नको म्हटलं,
मग एक हेल्मेट दिलं, माझ्या कानांवर घसरणारं.
फळी पहिल्याच हिसक्याला निघाली.
"पत्रा हवा तर वजनावर मिळेल," तो म्हणाला.

मी हेल्मेट काढलं, पाठ भिंतीला लावली.
एकसष्टची रेघ
हनुवटीला लागत होती.