टीव्हीच्या पाठीला हात

अंगठ्याएवढं यंत्र.
टीव्हीच्या पाठीत खुपसलं,
वाय-फायचा पासवर्ड दोनदा चुकला,
मग वूच शहरातल्या त्या चौथ्या मजल्यावर
अ‍ॅकॉर्डियन सुरू झालं.

ब्रोनिस्लावाबाईंनी विचारलं, "लागलं का?"

एकतीस वर्षं कापडगिरणीत.
मागांनी पगार दिला, कान ठेवून घेतले.

मी आवाज वाढवला. खालच्यांनी छत ठोकलं.
बाईंनी खुर्ची ओढली ती टीव्हीच्या मागे,
वायरींच्या गुंत्यात,
आणि तळहात टेकवला
गाभण गाईच्या पोटाला लावतात तसा.

पुढे पडद्यावर गायिकेचा फोटो,
कुणासाठीच नाही.

बऱ्याच वेळाने म्हणाल्या,
"तीनची चाल आहे.
आणि मधेच कुणीतरी थांबतंय,
धागा तुटल्यासारखं."

मी तर केव्हाचा ऐकत होतो.
मला नव्हतं कळलं.