नळीचं दुसरं टोक

पहिले सात महिने मी नुसतं टोक धरलं.
वीस फुटांची पारदर्शक नळी, आत पाणी;
एक टोक चांदसाब मिस्त्रींच्या हातात, दुसरं माझ्या.
मी खांबाशी उभा, ते पार भिंतीपलीकडं,
दिसायचे नाहीत. फक्त आवाज यायचा:
"थांबलं का?"
"थांबलं."
"तू थांबलास बे. पाणी अजून हलतंय."

कुंभारीच्या माळावरचा एप्रिल.
वीट हाताला डसायची,
माल घमेल्यातच वाळून चालायचा.
पगार बिगाऱ्याहून पन्नास रुपये कमी.
का, म्हणून विचारलं एकदा.
"बिगारी काम देऊन जातो," चांदसाब म्हणाले,
"तू घेऊन जातोस."
पुण्याहून आलेला चुलतभाऊ यावर खूप हसला.
मलाही तेव्हा ते पटलं होतं असं नाही.

बाप पॉवरलूमवर, कानांनी अर्धा गेलेला.
आई दिवसाला हजार विड्या वळायची,
रात्री तेलुगूत विचारायची, आज काय शिकलास?
नळी धरली, मी सांगायचो.
ती मापाचा पत्रा पानावर ठेवायची,
कात्री फिरवायची, बोलायची नाही.
तिनंही तिच्या आईजवळ
वर्षभर नुसती पानंच कापली होती.

आठव्या महिन्यात थापी मिळाली.
तीही त्यांची जुनी, उलट्या अंगानं झिजलेली,
कारण चांदसाब डावरे.
मी उजवा. पकड बसायला पावसाळा गेला.
अजून कधी माल फेकताना
मनगट त्यांच्यासारखं वळतं,
आणि शेजारचा गवंडी विचारतो, हे कुठलं वळण?

गड्डम मास्तरांच्या न्हाणीघराची भिंत
मी तीनदा उभारली, तीनदा पाडली.
ते ओरडले नाहीत.
ओळंबा सोडायचे आणि बाजूला बसून चहा प्यायचे.
ओळंबा झुलायचा थांबेपर्यंत मलाच कळायचं.
माल ओला आहे तोवर विटा काढायच्या,
खरवडायच्या, धुवायच्या,
आणि धुवायला पाणी कुठलं?
नळ पाच दिवसांनी यायचा,
मास्तरांची बायको बॅरलवर झाकण ठेवून
माझ्याकडं बघत बसायची.
चौथ्यांदा भिंत एक सूत बाहेर राहिली.
मी हातोडा उचलला.
"राहू दे," चांदसाब म्हणाले.
"तीनदा ओळंब्यानं सांगितलं.
या वेळी तुला आधी दिसलं."

ती भिंत अजून आहे. वर पांढऱ्या टाइल्स आल्या.
मास्तर गेले, नातू बँकेत आहे.
त्या गल्लीतून जाताना मी गाडी हळू करतो.
एक सूत. जगात दोघांनाच माहीत होतं,
आता एकट्याला.

यंदा मल्लवाची पोर आली, रेणुका.
बारावी झालेली. आई वीस वर्षं घमेली वाहते.
म्हणाली, मला डोक्यावर नको, हातात पाहिजे.
सेंट्रिंगवाले फिदीफिदी हसले.
मी नळी दिली.
तिनं नळी बघितली, मग मला बघितलं.
"मिस्त्री, लेझर मिळतं की आता, साडेतीन हजारात."
मिळतं, म्हटलं. घेऊ. आधी हे धर.
पगाराचंही सांगितलं, पन्नास कमी.
का, ते मात्र चांदसाबसारखं सांगता आलं नाही.
पुढच्या हप्त्यापासून बिगाऱ्याइतकाच देतो,
एवढंच कसंबसं म्हणालो.

ती भिंतीपलीकडं गेली.
माझ्या टोकाला पाणी वरखाली,
वरखाली, मग नुसतं थरथरतं.
"थांबलं का?"
उत्तर नाही.
रस्त्यानं भंगारवाला ओरडत गेला.
मल्लवा घमेलं कमरेला टेकवून उभी राहिली.
माझी पेन्सिल कानावरच.
"रेणुका, थांबलं का गं?"
बराच वेळ काहीच नाही.
मग पलीकडून, जरा चिडक्या आवाजात:
"नाही अजून. घाई नका करू."